प्रतिभा, नैपुण्य आणि विवेक

(संघाच्या वार्षिक संमेलनातील गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आजच्या समारंभात बोलण्याची मला आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावर सोपविली. आपण हा समारंभ वर्षानुवर्षे करीत आलो आहोत. स्मरणिकेच्या पानांवर मुलामुलींची छायाचित्रे येतात, त्यांखाली शेकडा गुण छापले जातात आणि ते पान आईवडील जपून ठेवतात. हे सर्व उचितच आहे. परंतु 'गुणगौरव' या शब्दातील गुण म्हणजे नेमके काय, आणि गौरव करणाऱ्यावर त्यातून कोणते उत्तरदायित्व येते, याचा विचार आपल्याकडून क्वचितच होतो. तो आज आपणांपुढे मांडावा असे मी योजिले आहे.

आपल्या नित्याच्या बोलण्यात तीन गोष्टींची सरमिसळ होते : प्रतिभा, नैपुण्य आणि विवेक. परीक्षेत पहिला आलेला मुलगा शाळेत हुशार ठरतो, घरी बुद्धिमान होतो आणि पाहुण्यांपुढे त्याची बुद्धी अलौकिक बनते. शब्द चढत जातात, मुलगा मात्र तोच असतो. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी याबाबतीत अधिक काटेकोरपणा दाखविला आहे. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त काव्यनिर्मितीचे कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत : शक्ती म्हणजे उपजत बीज, निपुणता म्हणजे लोकव्यवहार आणि शास्त्रे यांच्या अवलोकनाने येणारी जाण, आणि अभ्यास म्हणजे जाणत्याच्या मार्गदर्शनाखाली केलेला सराव. ही तीन निरनिराळी कारणे नसून तिन्ही मिळून एक कारण होते, असा त्याचा आग्रह आहे. हे विवेचन काव्यापुरते असले तरी मानवी कर्तृत्वाच्या कोणत्याही क्षेत्रास ते लागू पडते. आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत त्याची उदाहरणे विपुल आहेत. या दोन जिल्ह्यांचा बराचसा भाग १९४९ सालापर्यंत एकाच साताऱ्यात होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा दोन्हीकडची उदाहरणे मी एकाच घरातील समजून घेणार आहे.

प्रथम प्रतिभा. वाळवे तालुक्यातील वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी मातंग समाजातील एका दरिद्री कुटुंबात अण्णाभाऊ साठे यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचा संबंध नावापुरताच आला. आईवडिलांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली, मिळेल ते काम केले आणि अक्षरओळख स्वतःच्या प्रयत्नाने वाढविली. या माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या, कथा, लोकनाट्ये आणि पोवाडे लिहिले. 'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. हे सामर्थ्य त्यांना कोणत्या विद्यालयाने दिले? कोणत्याही नाही. तेच उपजत बीज होय. ते कोणाच्या घरी रुजावे याचा निर्णय निसर्ग आपल्याला विचारून करीत नाही. वंशावळ, वाडा, शेतीचे उतारे वा घरातील पदव्या पाहून प्रतिभा येत नाही.

परंतु याच चरित्राची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. अण्णाभाऊंचे वास्तव्य घाटकोपरच्या चिरागनगर या झोपडवस्तीत होते, आणि १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. पुढे २०२२ साली मॉस्कोत त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. प्रतिभा निसर्ग देतो, पण तिचे पोषण समाजाने करावयाचे असते. आणि समाजाला बहुधा उशिरा जाग येते.

आता नैपुण्य. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हे याचे नमुनेदार उदाहरण. घरात कुस्तीची परंपरा, अंगात चपळाई. हे झाले बीज. परंतु १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. आखाड्याच्या मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम परके होते. या अनुभवाने खचून न जाता त्यांनी पुढील चार वर्षे नव्या पद्धतीचा सराव केला आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. त्यानंतरच्या दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ सालापर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, वाट पाहावी लागली. सहाव्या क्रमांकापासून तिसऱ्या क्रमांकापर्यंतचे अंतर कागदावर थोडे दिसते. परंतु चार वर्षांच्या पहाटे त्यात खर्ची पडल्या आहेत. नैपुण्य म्हणतात ते हेच. आजच्या आपल्या गुणवंतांपैकी बहुतेकांचा गौरव या दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. बीज असणे हे भाग्य, पण त्याची राखण करणे हा पुरुषार्थ आहे.

हेलसिंकीच्या प्रवासाची हकीकत मात्र आपण विसरता कामा नये. खर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली. आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून विद्यार्थ्याच्या हाती रक्कम ठेवली. पदक जिंकून खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणुकीत सामील होणारे हजारो होते, घर गहाण टाकणारा एक होता. कोणत्याही समाजात हे प्रमाण साधारणतः असेच असते.

या एका माणसाच्या गुणाला काय नाव द्यावे? राजशेखराने 'काव्यमीमांसे'त त्याचे उत्तर देऊन ठेविले आहे. प्रतिभेचे त्याने दोन भेद केले : निर्माण करणारी ती कारयित्री, आणि दुसऱ्याने निर्मिलेल्याचे मर्म ओळखणारी ती भावयित्री. पहिली विरळ आहे यात संशय नाही. पण दुसरी तिच्याहून विरळ आहे, असे इतिहास पाहता वाटू लागते. सांगलीचे अधिपती चिंतामणराव उर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि तसे खेळ मराठीत करण्याची आज्ञा आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना केली. लाकडी बाहुल्या करण्याचा नाद असलेल्या त्या तरुणात नाटककार दडला आहे, हे त्यांनी जाणले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' झाले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला. त्याचप्रमाणे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा ओसाड माळ देऊ केला, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. आप्पासाहेबांनी ते नाटक लिहिले नाही, की पंतप्रतिनिधींनी नांगर घडविला नाही. त्यांनी माणूस ओळखला.

आता तिसरी गोष्ट, विवेक. ज्या समर्थांचे वास्तव्य आपल्या सज्जनगडावर होते, त्यांच्या 'दासबोधा'चे विवेक आणि प्रयत्न हे जणू दोन डोळे आहेत. विद्वत्तेहून विवेक कसा निराळा, हे पाहावयाचे तर साताऱ्याजवळच्या माहुलीस जावे. रामशास्त्री प्रभुणे तेथले. साताऱ्याच्या अनगळ सावकाराच्या घरी पडेल ते काम करणारा हा मुलगा वय वाढल्यावर काशीस जाऊन शिकला आणि पेशव्यांच्या दरबारी मुख्य न्यायाधीश झाला. येथपर्यंतची कथा नैपुण्याची आहे. दरबारात विद्वान शास्त्री इतरही होते. परंतु ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाल्यावर, ज्याच्या हाती सत्ता आली होती त्या राघोबादादांना देहान्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगून पद सोडणारे रामशास्त्री एकच निघाले. धर्मशास्त्राचे ते वचन इतरांनाही पाठ होते. ते कोणत्या क्षणी, कोणापुढे आणि कोणती किंमत देऊन उच्चारावयाचे, हे पाठांतराने येत नाही. ज्ञान आणि आचरण यांमधील अंतर मिटविणारी शक्ती म्हणजे विवेक, अशी माझी समजूत आहे.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा. प्रतिभा आपल्या हाती नाही. नैपुण्य काही अंशी आपल्या आणि काही अंशी परिस्थितीच्या हाती आहे. विवेक मात्र सर्वांच्या आवाक्यात आहे. पंचाण्णव टक्के मिळविणाऱ्यास तो साध्य आहे आणि बावन्न टक्के मिळविणाऱ्यासही आहे. म्हणून प्रतिभेची अपेक्षा कोणाकडूनही धरता येत नाही. विवेकाची अपेक्षा प्रत्येकाकडून धरावी लागते, आणि संस्थेकडून तर सर्वांत अधिक.

संस्थेचा विवेक म्हणजे काय, हे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रावरून उमजते. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघाली. खेड्यातील असंख्य मुले त्यांच्यामुळे शिकली. ज्ञातिसंस्थांचे हे ऋण मोठे आहे आणि आपला संघही त्याच परंपरेतला आहे. त्यांपैकी जैन वसतिगृहात भाऊराव विद्यार्थी होते. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि आपल्याच ज्ञातीच्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. मॅट्रिकची परीक्षाही त्यांच्या पदरी पडली नाही. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले आणि तेथील अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली; १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि कष्ट करून शिकत. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मॅट्रिक न झालेल्या या गृहस्थांना पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ साताऱ्यात उभे आहे.

ज्ञातीच्या वसतिगृहाने आपला नियम पाळला, पण नियम पाळताना माणूस गमावला. ती मंडळी दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. ती आपल्यासारखीच होती; ज्ञातीचे हित चिंतणारी, निधीचा हिशेब चोख ठेवणारी. त्यांच्यापाशी नियम होता, त्या क्षणी विवेक उणा पडला.

याच कारणास्तव मी आज सभेपुढे दोन सूचना नम्रपणे ठेवीत आहे. आपल्या शिष्यवृत्त्या ज्ञातीतील मुलांपुरत्या आणि गुणपत्रिकेवर आधारलेल्या आहेत. माझी पहिली सूचना अशी की, दरवर्षी त्यांतील निदान एक शिष्यवृत्ती जातीचे बंधन न ठेवता द्यावी, आणि तिचा निर्णय टक्केवारीवर न करता, मुलाला जवळून ओळखणाऱ्या शिक्षकाच्या शिफारशीवर करावा. यावर आक्षेप येईल, आणि तो रास्तच आहे, की निधी ज्ञातिबांधवांनी दिला. आपल्याच घरांत अजून गरजू मुले आहेत. त्यांचा घास दुसऱ्याला का द्यावा? माझे उत्तर असे : त्यांचा घास काढू नये. ही एक शिष्यवृत्ती नव्या वर्गणीतून उभी करावी आणि त्या वर्गणीचा आरंभ माझ्यापासून धरावा. परंतु ज्या गावात आपण राहतो तेथील एखादा अण्णाभाऊ आपल्या दारावरून उपाशी जात असता आत टाळ्यांचा गजर चालला असेल, तर त्या गजरात आपल्या मुलांनाही शिकण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी सूचना लहान आहे. स्मरणिकेत विद्यार्थ्याच्या छायाचित्राखाली गुण छापतो, त्याच ओळीत त्याला घडविणाऱ्या एका व्यक्तीचे नाव त्याने स्वतः सांगावे आणि आपण ते छापावे. ती व्यक्ती शिक्षक असेल, आजी असेल, फी भरणारा शेजारी असेल, परजातीचीही असेल. आपल्या यशात किती हात लागले आहेत, हे मोजू लागणे ही विवेकाची पहिली इयत्ता आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला उपदेश करण्याचा माझा अधिकार अल्प आहे. एवढेच सांगतो की आज मिळालेले प्रशस्तिपत्र तुमच्या सरावाची पोचपावती आहे. तुमच्यात उपजत काय आहे ते काळ ठरवील. तुम्ही त्याचे काय करता ते तुम्हीच ठरवाल. आणि ज्यांचे नाव आज पुकारले गेले नाही, त्यांच्या पालकांना विनंती की घरी परतताना तुलनेचा शब्द काढू नये. लंडनला सहावा आलेल्या खाशाबांना तेव्हा कोणी निकालात काढले असते, तर हेलसिंकीचे पदक आले नसते.

या दोन्ही सूचनांचा कार्यकारी मंडळाने सहानुभूतीने विचार करावा आणि पुढील संमेलनापूर्वी निर्णय घ्यावा, अशी प्रार्थना करून, आणि सर्व गुणवंतांचे मनःपूर्वक अभिनंदन करून मी आपली रजा घेतो.