वकीलपत्रावर सही करण्याआधी
काळा कोट कुणालाही विकत मिळतो. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तशी मिळत नाही. म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी वकीलसाहेबांचा सनद क्रमांक विचारा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या क्रमांकात आधी ‘एमएएच’, मग आकडा आणि शेवटी नोंदणीचं वर्ष असतं. तो कौन्सिलकडे पडताळून घ्या. यात संकोच कसला? डॉक्टरांची पाटी आपण वाचतोच की! आणि हो, एलएलबीची पदवी म्हणजे सनद नव्हे. २००९-१० पासूनच्या पदवीधरांना तर सनदेखेरीज अखिल भारतीय बार परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. अधिकार नसताना कोर्टात वकिली केल्यास, १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.