कीबोर्ड मुका झाला म्हणजे मोडला असं नाही

शेतात असा नाहीतर घरात, आज कागद-पेन जवळ घेऊन बसा. लिहून ठेवण्यासारखं सांगणार आहे.

"ताई, कॉम्प्युटरमध्ये नवं विंडोज टाकून आणलं आणि कीबोर्डच चालेना. कितीही दाबलं तरी काही उमटत नाही." ही तक्रार आता बऱ्याच गटांकडून येते. त्याला कारणही आहे. कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो, ती मूळ व्यवस्था म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे जुन्या मशीनवर नवं काहीतरी टाकून घेण्याची गडबड सगळीकडे सुरू झाली.

ग्रामसंघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर असतो एकच. त्यातच बैठकीचं इतिवृत्त, त्यातच कर्जाची परतफेड, त्यातच पापड-मसाल्याची आणि खव्याची बिलं. तो अडला की दोन नुकसानं होतात. एक पैशाचं. कुणी म्हणतं नवा कीबोर्ड आणा, कुणी म्हणतं मशीन उचला आणि एसटीनं धाराशिवला न्या. त्यात एक दिवस जातो आणि गटाच्या पेटीतले पैसेही जातात. दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे. "बायांच्या हातात दिलं की असंच व्हायचं," असं कुणीतरी बोलून जातं. मग जी पोर हौसेनं कॉम्प्युटरवर बसत होती, ती पुन्हा हात लावायला घाबरते. आणि हिशेब परत दुसऱ्याच्या हातात जातो.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. विंडोज टाकेपर्यंत कीबोर्ड चालत होता आणि टाकल्यावर बंद पडला, तर बहुतेक वेळा कीबोर्ड धड असतो. त्याची आणि नव्या व्यवस्थेची ओळख पटलेली नसते, एवढंच.

उमरग्याच्या बाजारात कानडी बोलणारं गिऱ्हाईक आलं आणि आपल्याला कानडी येत नसलं, तर मधे एक दुभाषी लागतो. कॉम्प्युटरमध्ये अशा दुभाष्याला ड्रायव्हर म्हणतात. कीबोर्डचा वेगळा, माउसचा वेगळा, प्रिंटरचा वेगळा. नवं विंडोज टाकलं की जुने दुभाषे जातात आणि नवे येतात. एखादा आला नाही, की ते यंत्र मुकं होतं.

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही तर आपण काय करतो? आधी लाईट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. लगेच मोटार वर काढत नाही. इथंही तसंच, एकेक पायरी करत जायचं.

पहिली पायरी. माउसनं 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नाही, 'रीस्टार्ट'. विंडोज 10 आणि 11 मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय असते. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावरही कॉम्प्युटर पुरता बंद होत नाही, थोडी आठवण राखून झोपतो. रीस्टार्ट केलं की सगळं नव्यानं सुरू होतं. कित्येकदा एवढ्यानंच काम होतं.

दुसरी पायरी, पिन. कीबोर्डची चपटी यूएसबी पिन काढून दुसऱ्या जागी लावा. पुढं लावली असेल तर मागं लावा. आतून निळी असलेली जागा सोडून काळी किंवा पांढरी असेल तिथं लावून बघा. मधे जोडणीचा डबा असेल तर तो काढून थेट मशीनला लावा. बिनवायरचा कीबोर्ड असेल तर सेल बदला आणि त्याचं छोटं बटणाएवढं रिसीव्हर नीट बसलंय का बघा. जुन्या कीबोर्डची पिन गोल असते, तिची जागा जांभळी. मात्र गोल पिन लावायच्या आधी मशीन बंद करा, चालू मशीनला ती लावू नका.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची, ती तेवढी अधोरेखित करा. विंडोज सुरू व्हायच्या आधी कीबोर्ड चालतो का, हे तपासायचं. मशीन चालू केल्याबरोबर एफ-2 किंवा डिलीट हे बटण थोड्या थोड्या वेळानं दाबत राहा. काही मशीनला एफ-10 किंवा एस्केप लागतं, सुरुवातीच्या पडद्यावर तसं लिहून येतं. मग एक साधा पडदा उघडतो, त्याला बायोस म्हणतात. तिथं विंडोजचा काही संबंध नसतो. बाणाची बटणं दाबा. खूण वर-खाली सरकली, तर तुमचा कीबोर्ड ठणठणीत आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. तिथलं काही बदलू नका, 'सेव्ह न करता बाहेर' हा पर्याय निवडून निघा.

खूण सरकली नाही, तर तोच कीबोर्ड शेजारच्या शाळेतल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथंही गप्प राहिला, तरच तो गेला. नवा विकत घ्यायचा तो तेव्हा. दोन मिनिटांची ही तपासणी गटाचा पैसा वाचवते.

इथं एक जुनी गोष्ट सांगते. विंडोज 7 आलं 2009 साली. त्याच्या सीडीत निळ्या, वेगवान यूएसबीचा दुभाषी नव्हता. पुढं साधारण 2015 पासूनची नवी मशीनं आली, त्यांत यूएसबीच्या सगळ्या जागा त्या नव्या पद्धतीवर चालायला लागल्या. अशा मशीनवर कुणी विंडोज 7 टाकायला घेतलं, की पहिला पडदा यायचा आणि कीबोर्ड-माउस दोन्ही बंद. गोल पिनेचा कीबोर्ड मात्र चालायचा. जगभर लोकांना ही अडचण आली, शिकलेल्या इंजिनिअरांनाही आली. तेव्हा आपल्या ऑफिसातला कीबोर्ड बंद पडला तर त्यात बाईचा हात लागल्याचा काही संबंध नाही. आणि विंडोज 7 चा आधार 14 जानेवारी 2020 लाच संपलाय. आज कुणी ते टाकून देतो म्हणालं तर नको म्हणा.

चौथी पायरी. कीबोर्ड बंद असला तरी काम अडू देऊ नका. पासवर्डच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक माणसासारखी किंवा चक्रासारखी खूण असते. तिच्यावर माउस दाबा आणि 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' निवडा. पडद्यावरच कीबोर्ड येतो. माउसनं एकेक अक्षर दाबून पासवर्ड टाका आणि आत जा. वेळ लागतो, पण आत जाता येतं.

पाचवी पायरी. कीबोर्डवर उजवीकडचं शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून राहिलं, की 'फिल्टर कीज' नावाची सोय चालू होऊ शकते. हात थरथरणाऱ्या माणसासाठी ती केलेली आहे. ती चालू असली की झटकन दाबलेलं अक्षर कॉम्प्युटर मोजतच नाही. आपल्याला वाटतं कीबोर्ड मेला. एखादं बटण जरा वेळ दाबून धरा. अक्षर उशिरा उमटलं, तर हेच कारण. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', त्यात 'कीबोर्ड', तिथं फिल्टर कीज बंद करा. विंडोज 10 मध्ये त्याच जागेला 'ईझ ऑफ अ‍ॅक्सेस' म्हणतात.

सहावी पायरी, दुभाषी बदलणं. स्टार्ट बटणावर माउसची उजवी कळ दाबा. यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'कीबोर्ड्स' ही ओळ उघडली की आपला कीबोर्ड दिसेल. बिघाड असेल तर पिवळी खूणही दिसते. त्याच्यावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा बसवतं. फक्त कीबोर्डचीच ओळ निवडा, बाकीच्यांना हात लावू नका. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड बंद आणि बाहेरून जोडलेला चालू, असं असेल तर 'विंडोज अपडेट'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' बघा. तिथंही नसेल तर त्या लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल नंबर टाकून ड्रायव्हर मिळतो. नंबर बहुतेक वेळा लॅपटॉपच्या पोटावर लिहिलेला असतो.

आता दुसरी तक्रार. "चालतो, पण भलतंच उमटतं." हेही विंडोज टाकल्यावरच होतं. छोट्या लॅपटॉपवर अक्षरांच्या जागी आकडे यायला लागले तर 'नम लॉक' चालू आहे, ते बंद करा. ईमेलमधलं 'अ‍ॅट'चं चिन्ह दाबलं आणि अवतरणचिन्ह आलं, तर विंडोज टाकताना इंग्लंडचा कीबोर्ड निवडला गेलाय. सेटिंग्जमध्ये भाषेत जाऊन 'इंग्लिश, इंडिया' जोडा आणि तो निवडा.

आणि आपली मराठी! नवं विंडोज टाकलं की मराठीचा कीबोर्ड बहुतेक वेळा आपोआप येत नाही, तो जोडावा लागतो. सेटिंग्ज, मग 'टाइम अँड लँग्वेज', मग भाषेची जागा, तिथं 'अ‍ॅड अ लँग्वेज' करून मराठी निवडा. पुढं विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजीची मराठी आणि मराठीची इंग्रजी होते. पासवर्ड चुकतोय असं वाटलं तर आधी कोपऱ्यात भाषा कुठली दिसते ते बघा. पासवर्ड ठिपक्यांत दिसतो, त्यामुळे आपण मराठीत टाइप करतोय हे कळतच नाही.

ज्या मुलींनी टायपिंगच्या क्लासात जुन्या टाइपरायटरच्या रचनेवर, म्हणजे रेमिंग्टनवर हात बसवलाय, त्यांना इथं धक्का बसतो. विंडोजचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा असतो. बोटं जुन्या सवयीनं पडतात आणि पडद्यावर भलतीच अक्षरं येतात. पोर म्हणते, मी टायपिंग विसरले. बाई, तू विसरली नाहीस, रचना बदललीय. इनस्क्रिप्ट ही सरकारी प्रमाण पद्धत आहे, 1991 च्या भारतीय मानकात ती दिलेली आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. वाय, अर्धविराम आणि एल ही तीन बटणं ओळीनं दाबा, 'बचत' उमटेल. ती शिकायची नसेल तर विंडोजमध्ये 'मराठी फोनेटिक' असाही कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, मराठी उमटते.

जुनी मराठी पत्रं उघडल्यावर वेड्यावाकड्या खुणा दिसल्या तर घाबरू नका. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला होता आणि नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नाही. फॉन्ट बसवला की पत्र परत वाचता येतं. म्हणून फाइल रागानं पुसू नका.

आता मशीन दुकानात द्यायच्या आधीच्या गोष्टी. एक, गटाच्या सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. विंडोज नव्यानं टाकताना डिस्क पुसली जाऊ शकते. दोन, मराठीचे फॉन्ट आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठलं आहे ते लिहून ठेवा. तीन, कुठलं विंडोज टाकणार आणि ते परवान्याचं आहे का, हे विचारा, पावती मागा. चार, आपला कीबोर्ड, माउस आणि प्रिंटर सोबत न्या. पाच, पैसे द्यायच्या आधी तिथंच बसून एक ओळ इंग्रजी आणि एक ओळ मराठी टाइप करून बघा. साडी घेताना पदर उघडून बघतो ना, तसं हे. संकोच करू नका.

या पायऱ्या एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवा. पुढच्या बैठकीत दोघी-तिघींनी करून बघा, एकीलाच येऊन भागत नाही. तरीही दुकानात जायची वेळ आली, तर काय काय तपासलं ते सांगून जा. "बायोसमध्ये चालतो, विंडोजमध्ये चालत नाही," एवढं एक वाक्य तुम्ही बोललात, की समोरचा माणूस नवा कीबोर्ड गळ्यात मारायच्या आधी विचार करेल. आणि ज्या पोरीनं ते वाक्य सांगितलं, तिच्याकडे गाव वेगळ्या नजरेनं बघेल.

ऐकत राहा, शिकत राहा. नमस्कार.