मैदानावरचा मांडव
(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मला 'शाळेने काय दिलं' यावर बोलायला सांगितलं आहे. मी फक्त मांडवाबद्दल बोलणार आहे. आपली तुकडी शाळेला चार घडीचे तंबू भेट देणार आहे, त्याबद्दल एक विनंतीही करायची आहे.

आपल्या वेळी स्नेहसंमेलनाचा मांडव आपणच घालायचो. गावातून बांबू मागून आणायचे, मुलांनी पहारीने खड्डे घ्यायचे, मुलींनी सुंभ भिजत घालायचा. सगळं झालं की विज्ञानाचे सर येऊन एकेक बांबू हाताने हलवून बघायचे. हलला की "सोडा, पुन्हा बांधा." बाहेरच्या ताणाच्या दोऱ्यांना अडखळून आपण कितीदा पडलो, पण सरांनी एकही दोरी काढू दिली नाही.

आपल्या दहावीच्या वर्षी, २३ डिसेंबर १९९५ रोजी, हरियाणातल्या डबवाली गावात एका शाळेच्या बक्षीस समारंभाच्या मांडवाला आग लागली. वर कृत्रिम धाग्याचं कापड आणि बाहेर पडायला एकच वाट. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं कितीतरी. आपलं संमेलन चार दिवसांवर होतं. सरांनी प्रार्थनेनंतर ती बातमी वाचून दाखवली आणि दुपारी दोन्ही बाजूंच्या कनाती उतरवायला लावल्या. रात्री थंडी वाजली म्हणून आपण कुरकुरलो. सगळ्यांत मोठ्याने मी.

आता गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीत मुलांचं उन्हाळी शिबिर होतं. तंबू उभे करायचं काम माझ्याकडे होतं. तीन बाय तीन मीटरचा तंबू, पाच मिनिटांत उघडला, चार पाय टेकले. दोऱ्या पिशवीतच राहिल्या. फरशीवर खुंट्या ठोकणार कुठे, असा मी विचार केला. दुपारी वळवाचा वारा सुटला आणि तंबू उचलला जाऊन भिंतीपलीकडे एका स्कूटरवर पडला. दहा मिनिटांपूर्वी त्याखाली अकरा मुलं चित्रं काढत होती.

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून हिशेब मांडला. ताशी ४० किलोमीटर वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलो होतो. नऊ चौरस मीटरच्या छताला सुमारे ६८ किलो. त्यातला सगळा जोर वर उचलणारा नसतो, पण आमच्या तंबूचं वजन होतं जेमतेम २२ किलो. आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हे सरांनी नववीत फळ्यावर लिहून दिलं होतं. गणित मला येत होतं, दोरी मात्र मी बांधली नव्हती.

म्हणून माझी विनंती अशी. आपण चार नको, तीन तंबू देऊ या. चौथ्याच्या पैशांत प्रत्येक पायासाठी वाळूची पिशवी, लोखंडी खुंट्या, चांगल्या दोऱ्या आणि दोन अग्निशामक नळकांडी घेऊ. मातीत खुंटी तिरपी ठोकायची, फरशीवर पायागणिक निदान वीस-पंचवीस किलो वजन बांधायचं. वारा वाढायच्या आत तंबू मिटायचा. वजन आहे म्हणून उभा ठेवायचा नाही. पावसात छताला झोळ पडू द्यायचा नाही. एक चौरस मीटरवर पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ५० किलो भरतं. खाली शेगडी नको, आणि बाहेर जायला दोन वाटा मोकळ्या हव्यात. मांडवांच्या आगीपासून बचावासाठी भारतीय मानक ८७५८ आहे. त्याची एक प्रत शाळेच्या कार्यालयात ठेवू.

आणि एक माणूस नेमू या. मुख्य पाहुण्यांचं भाषण चालू असलं तरी "तंबू खाली घ्या" म्हणायचा अधिकार त्या माणसाला असावा. आपल्याकडे ते काम सर करत होते.

सर, तुम्ही आज पहिल्या रांगेत बसला आहात. त्या रात्रीच्या कुरकुरीबद्दल तीस वर्षांनी माफी मागते. आणि तीन तंबूंचा हा ठराव मी सभेपुढे मांडते. कुणीतरी अनुमोदन द्यावं.