धावणाऱ्याच्या मागे घरी कोण बसतं?



जानेवारीतला तिसरा रविवार जवळ आलाय. त्या पहाटे मुंबईत हजारो माणसं मॅरेथॉनला उभी राहतील. २००४ पासून हे चालू आहे. पुरं अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्यातले पुष्कळ जण कुणासाठी तरी धावतात : एखाद्या शाळेसाठी, कर्करोग झालेल्या मुलांसाठी, गेलेल्या आईबापांच्या नावानं. या धावण्यातून निधी जमवायचं काम 'युनायटेड वे मुंबई' ही संस्था बघते. अलीकडे एकेका वर्षी पन्नास कोटींच्या वर रक्कम गेली आहे.

मीही त्या गर्दीत धावलो, माझ्या मायच्या नावानं. ती डिमेन्शियानं, विस्मरणाच्या आजारानं, गेली. आज मला एकच मागणं मांडायचंय. या आजारासाठी धावून आपण पैसा उभा करू, तो आपल्या जालना जिल्ह्यात सगळ्यात आधी रुग्णापाशी बसणाऱ्या माणसाला चार तास मोकळे मिळावेत म्हणून खर्च व्हावा. इमारत, यंत्रं, सगळं नंतर.

कुणासाठी तरी पाय झिजवणं आपल्याला नवं नाही. अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणारे इथे किती तरी बसले असतील. आजारी माणसासाठी बोललेले नवस त्या रस्त्यावर फेडले जातात. आणि आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातून बारामतीकडे पोट भरायला गेलेल्या लता भगवान करे तुम्हाला आठवत असतील. साठी ओलांडलेली बाई २०१३ साली बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून अनवाणी धावली. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे नव्हते. ती पहिली आली, पाच हजारांचं बक्षीस मिळालं. पुढे त्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

लताबाई जिवंत माणसासाठी धावल्या. डिमेन्शियात बहुतेकांना तसं धावता येत नाही, कारण रुग्ण घरात असेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकायचीच सोय नसते. आईबाप गेले की मग सकाळ मोकळी होते आणि माणूस बूट बांधतो. या आजारासाठी धावणाऱ्यांत आईबाप गमावलेलेच जास्त का दिसतात, याचं मला तरी हेच कारण दिसतं.

ब्रिटनमधले जॉर्डन आणि किअन अ‍ॅडम्स हे दोघे भाऊ असेच आईच्या मागे धावताहेत. त्यांची आई जेराल्डिन २०१६ मध्ये गेली, अवघ्या ५२ व्या वर्षी. 'वय झालं की होतंच' म्हणणाऱ्यांनी हे वय लक्षात ठेवावं. तिचा प्रकार फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा, आनुवंशिक. तो जनुकीय दोष या दोघा भावांत उतरला आहे. त्यांनी पैसा संशोधनासाठी जमवावा यात मला काही वावगं दिसत नाही, त्यांच्या आयुष्याचाच प्रश्न आहे. आपल्याकडची निकड मात्र निराळी आहे.

माझ्या मायला दिवस कलला की माहेरी जायचं असायचं. पदर खोचून ती दाराच्या कडीशी खटपट सुरू करायची. परतूर तालुक्यातलं ते घर कधीच पडलेलं, आईबाप जाऊन जमाना झालेला. 'मला घरी सोड रे भाऊ, गुरं यायची वेळ झाली,' म्हणायची. भाऊ म्हणजे मी; पोटचा पोरगा म्हणून ओळख उरली नव्हती. अडवलं तर रडायची, बोचकारायची. मग मी कडी काढायचो आणि दहा पावलं मागे राहून चालायचो. मोती तलावाच्या बाजूला ती दमायची, बसायची. तेव्हा नुकताच भेटल्यासारखा मी पुढे व्हायचो : 'मावशी, चला, चहा घेऊ.' ती लगेच उठायची. लांब अंतराची सवय माझ्या पायांना तिनंच लावली.

पण हा दिवसातला एक तास झाला. बाकीचे तेवीस तास माझ्या बायकोचे होते. घास तोंडात तसाच धरून ठेवलेली सासू, ओली अंथरुणं, मध्यरात्री उठून सूप मागणं आणि रिकामं सूप पाखडत बसणं. कितीतरी दिवाळ्या ती माहेरी मुक्कामाला गेली नाही. मला पदक मिळालं तेव्हा लोकांनी माझा सत्कार केला. तिची आठवण कुणी काढली नाही, म्हणून ती मी या व्यासपीठावरून काढतोय.

देशपातळीवरच्या 'लासी-डॅड' अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. प्रमाण बायकांत जास्त, खेड्यांत जास्त. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात या आजाराचा धोका वाढवणारी, पण बदलता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत. त्यांत लहानपणी शाळा न मिळणं आहे, उपचार न झालेला बहिरेपणा आहे, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणही आहे. माझ्या मायच्या पिढीतल्या किती बायका शाळेची पायरी चढल्या, हे मी तुम्हाला सांगायला नको.

केरळात १९९२ मध्ये डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी अल्झायमर्स सोसायटीची सुरुवात झाली, आणि तिकडे रुग्णांना दिवसभर सांभाळणारी केंद्रं उभी राहिली. घरच्यांना त्या वेळात कामावर जाता येतं, झोपता येतं. आपल्याला एवढं एकदम जमणार नाही. पण २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, मोती तलावापाशी पाच किलोमीटरची दौड घेता येईल. येईल त्या पैशातून आपल्याच वस्तीतल्या दोन-चार बायांना शिकवून, पगार देऊन, गरज असलेल्या घरी आठवड्यातून दोन दुपारी बसायला पाठवायचं. भरवायचं कसं, वाद न घालता बोलायचं कसं, पडू कसं द्यायचं नाही, एवढं शिकवता येतं. ही माणसं फुकट राबवू नयेत. पगार नसेल तर दोन महिन्यांत काम बंद पडेल.

निदानासाठी सरकारी दवाखान्यात जाऊन मानसोपचार विभागात विचारा. निदान होऊन लगेच काही बरं होत नाही, हे खरं. तरी थायरॉईड किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर ती सापडते आणि विस्मरण काही प्रमाणात सुधारूही शकतं. शिवाय म्हातारं माणूस मुद्दाम त्रास देतंय हा घरातला समज जातो. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठीसुद्धा तो फिरवावा.

ज्यांच्यासाठी मी हे बोललो, त्यांना आज इथे येता आलेलं नाही. ते घरी बसून आहेत. तुम्हाला ती घरं माहीत आहेत. मांडवाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. रुग्णाचं नाव लिहू नका, नुसती गल्ली लिहा. शेजारी तुमचं नाव, आणि आठवड्यातली कोणती दुपार तुम्ही देऊ शकता ते. पैसे जमेपर्यंत सुरुवात त्यावर करू.