प्रतिबंधक वैद्यक : एक दुर्लक्षित वाट

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. तेव्हा वैद्यकीय शिक्षणावर बोलण्याचा याला काय अधिकार, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. अधिकार एवढाच, की या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती सर्वांसमोर कबूल करावी आणि दुसऱ्या कोणाकडून तशी होऊ नये, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा एम.बी.बी.एस. झाला. वडील हातगाडीवर फळे विकणारे. मुलगा डॉक्टर झाला तेव्हा सारा मोहल्ला आनंदला. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा झाली. मिळालेल्या गुणांवर मेडिसिन किंवा सर्जरी हाती लागणार नव्हती. मात्र एका शासकीय महाविद्यालयात एम.डी. कम्युनिटी मेडिसिनची जागा मिळत होती आणि मुलाची तीच इच्छा होती. एका संध्याकाळी बापलेक दोघे माझ्या घरी आले. वडील म्हणाले, "सर, आता तुम्हीच याला समजवा. आणखी तीन वर्षे शिकून हा गल्लोगल्ली पावडर टाकत फिरणार? मुलाचा दवाखाना कुठे आहे, असे कोणी विचारले तर मी काय सांगू?"

त्या वेळी मी मुलाची बाजू घ्यायला हवी होती. पण त्या विद्येची मलाच माहिती नव्हती. मी म्हणालो, "बेटा, चाचा म्हणतात ते बरोबर आहे. आणखी एकदा परीक्षा दे." मुलाने मान खाली घातली आणि जागा सोडली. पुढच्या वर्षी गुण आणखी कमी पडले. आज तो एका खासगी रुग्णालयात रात्रपाळी करतो. कामात कमीपणा नाही. पण त्याला जे शिकायचे होते, ते आम्ही दोघांनी मिळून हिरावून घेतले.

ही विद्या नेमकी काय, हे मला 31 ऑगस्ट 2021 नंतर कळले. त्या दिवशी आपल्या तितूर आणि डोंगरी नद्यांना आलेला पूर आपण कोणीही विसरलेलो नाही. पाणी घरादुकानांत शिरले, जनावरे वाहून गेली. पाणी ओसरले तेव्हा चिखल, कुजलेले धान्य आणि मेलेली जनावरे मागे राहिली, आणि दुसरी भीती उभी राहिली ती रोगराईची. दवाखान्यातला डॉक्टर जुलाब झालेल्या माणसाला सलाइन लावतो, त्याचे प्राण वाचवतो. परंतु वीस घरांतली माणसे एकाच वेळी आजारी पडली तर ती कोणत्या नळाचे, कोणत्या विहिरीचे पाणी पितात? त्या पाण्यात टीसीएल पावडर किती घालायची? ती पुरेशी झाली की नाही, हे ओ.टी. चाचणीच्या पिवळ्या रंगावरून कोणी पाहायचे? चिखलातून अनवाणी फिरलेल्यांना लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून कोणाला, कोणती गोळी द्यायची? हे प्रश्न सोडवणारा डॉक्टर वेगळा असतो. सगळे गाव हाच त्याचा रोगी. ज्या पावडरीची आम्ही थट्टा केली, तिच्यामागे एवढे शास्त्र आहे.

या डॉक्टरचे यश डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे. न झालेल्या आजाराबद्दल कोणी पेढे वाटत नाही. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असतील, मुलांच्या चेहऱ्यावर ते नाहीत. भारतात देवीचा शेवटचा रोगी मे 1975 मध्ये आढळला. नारूपासून देश 2000 साली मुक्त ठरला. पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 2014 मध्ये पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ही कामे घरोघर फिरून, याद्या करून आणि नकाशे काढून झाली आहेत.

मित्रहो, या विद्येचा आपल्या महाराष्ट्रातला इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण लस तयार झाली म्हणून लोक टोचून घेतात असे नाही. त्या वेळी सरकारी माणसे घरात शिरून आजाऱ्यांना जबरदस्तीने नेत. लोक आजारी लपवू लागले. मार्च 1898 मध्ये मुंबईत मुस्लीम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला घरातून हलवण्यावरून दंगल उसळली. याउलट त्याच काळात तरुण आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आणि ते पाहून अनेकांची भीती गेली. औषध एकच, रोगही एकच. फरक पडला तो सांगणाऱ्या माणसावरच्या विश्वासाने.

ही जुनी कथा म्हणून सोडून देता येत नाही. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली. या वस्त्या कोणाच्या, हे मी सांगायला नको. गोवराचा एक रोगी लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना तरी दोन्ही डोस मिळावे लागतात. मुले का राहून गेली? कुठे आई मजुरीला जाते, कुठे कुटुंब स्थलांतर करते, कुठे अफवा पसरते, तर कुठे आरोग्य केंद्रच दूर असते. कारण शोधल्याशिवाय उपाय सापडत नाही. आणि आपल्या आईशी तिच्या भाषेत, तिच्या ओट्यावर बसून बोलणारा डॉक्टर आपल्याच घरातून निघाला तर काम किती सोपे होईल! साथीच्या गावात जाऊ नये आणि तिथे असू तर बाहेर पडू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. रोग होऊ न देणे हा विचार आपल्याला परका नाही. परकी राहिली आहे ती त्याची पदवी.

आता त्या पदवीविषयी. या विषयाला पूर्वी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, म्हणजे पी.एस.एम., म्हणत. आता कम्युनिटी मेडिसिन हे नाव रूढ आहे. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने 1946 च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि प्रत्येक डॉक्टरला या विषयाचे शिक्षण मिळावे असा आग्रह धरला. त्यामुळे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग असतोच. आपल्याजवळ धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावलाही 2018 पासून आहे. तिथे जाऊन या विभागातील प्राध्यापकांना भेटायला हरकत नाही.

एम.बी.बी.एस. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे. त्यानंतर नीट-पीजी परीक्षा आणि तीन वर्षांची एम.डी. शासकीय महाविद्यालयात या काळात दरमहा विद्यावेतन मिळते. शिकायचे काय? साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, पोषण, माता-बालसंगोपन, पाणी व सांडपाणी, कामगारांचे आजार आणि आरोग्यसेवेचे व्यवस्थापन. ग्रामीण आणि शहरी आरोग्य केंद्रांत प्रत्यक्ष काम करावे लागते, शिवाय एक प्रबंध लिहावा लागतो. पुढे वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन, जिल्हा परिषद व महानगरपालिकांची आरोग्य खाती, संशोधन संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचे प्रकल्प अशी क्षेत्रे खुली होतात. साथींच्या शोधाचे दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षणही दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 2012 मध्ये सुरू केले.

ज्यांना एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला नाही, त्यांनीही निराश होऊ नये. आपली कितीतरी मुले-मुली मालेगाव आणि अक्कलकुवा येथील युनानी महाविद्यालयांत शिकतात. काही जण बी.डी.एस. करतात, काही मुली बी.एस्सी. नर्सिंग करतात. त्यांच्यासाठी एम.पी.एच. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ, चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र, तसेच 1932 साली स्थापन झालेली कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था ही काही नावाजलेली ठिकाणे. प्रवेशाचे नियम प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. म्हणून माहितीपत्रक स्वतः वाचावे आणि संस्थेची मान्यता तपासावी. रंगीत जाहिरात पाहून फी भरू नये. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एम.पी.एच. म्हणजे एम.डी. नव्हे. दोन्हींची पदे आणि वेतन यांत फरक राहतो. तो आधी समजून घ्यावा, म्हणजे मागाहून पस्तावा होत नाही.

पालकांना एक विनंती. या शाखेत स्वतःच्या नावाची पाटी लावून दवाखाना उभा राहत नाही आणि पैसाही झटपट येत नाही. हे मी लपवणार नाही. ज्याला रोज रोगी तपासण्यातच समाधान आहे, त्याने ही वाट धरू नये. पण ज्या मुलाला आकडे आवडतात, लोकांत मिसळणे आवडते, "हे असे का झाले?" असा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याला अडवू नका. आणि आम्हा शिक्षकांनाही सांगतो, ज्याची माहिती नाही त्याचा सल्ला देऊ नये.

तो मुलगा गेल्या रमजानमध्ये इफ्तारला भेटला. मी त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "सर, मी पुन्हा फॉर्म भरणार आहे." दुसऱ्या दिवशी मी त्याच्या वडिलांच्या गाडीवर गेलो आणि आज आपल्याला सांगितले ते सारे त्यांना सांगितले. फळे तोलता तोलता ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे पुराच्या वेळी जे करायला हवे होते, ते हा शिकणार?" मी म्हणालो, "हो चाचा." ते म्हणाले, "मग शिकू द्या."

प्रवेश मिळेल की नाही, हे आज सांगता येत नाही. पण घरातली वाट तरी मोकळी झाली आहे. आपापल्या घरातली वाट आपण मोकळी करावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.