रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर उतारा

हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले, की हृदयात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याची भीती असते. म्हणून अनेकजण रोज रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. पण असा माणूस जिन्यावरून पडला आणि डोक्यात रक्तस्राव सुरू झाला तर? रोज संरक्षण देणारी तीच गोळी आता रक्त थांबू देत नाही.

वॉरफरिन या जुन्या गोळीवर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे. मात्र त्याला काही तास लागतात, कारण रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्यानं तयार करावे लागतात.

२०१० साली अमेरिकेत डॅबिगॅट्रान हे रक्त पातळ करणारं नवं औषध मंजूर झालं. वॉरफरिनसाठी लागणारा वारंवार रक्त तपासण्याचा त्रास वाचला, पण नेमका उतारा हाताशी नव्हता. ही उणीव खरोखर जीवघेणी होती.

ऑक्टोबर २०१५मध्ये तिथं इडारुसिझुमॅब या इंजेक्शनला मान्यता मिळाली. हा प्रयोगशाळेत घडवलेला प्रतिपिंडाचा तुकडा. डॅबिगॅट्रान रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला धरून ठेवतं. हा तुकडा डॅबिगॅट्रानलाच त्याहून सुमारे ३५० पट घट्ट पकडतो. शिरेतून ५ ग्रॅम दिलं, की काही मिनिटांत गोळीचा प्रभाव उतरतो. ५०३ रुग्णांवरच्या अभ्यासाचे संपूर्ण निष्कर्ष २०१७मध्ये प्रसिद्ध झाले.

अपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या इतर गोळ्यांवर मात्र हे इंजेक्शन चालत नाही. म्हणून घरच्यांना गोळीचं नाव माहीत हवंच. रुग्णालयात पोचताच ते नाव आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे डॉक्टरांना आधी सांगावं.