क्रेडिट कार्डाचें देणें आणि घरची करमणूक

कर्ज आणि करमणूक हे दोन शब्द एका वाक्यांत आले कीं आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ऋण काढून सण करूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आणि चार्वाकाच्या नांवावर खपणारें तूप पिण्याचें वचन ज्याच्या तोंडीं असतें, त्याला कोणी जामीन राहत नाहीं. तथापि आज मला ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो थोडा निराळा आहे. देणें होऊन गेलेलें आहे. तें क्रेडिट कार्डाचें आहे. आणि तें फेडावयाचें, असा निश्चयही झालेला आहे. तें फिटेपर्यंत घरांतल्या माणसांनीं सिनेमा पाहावा कीं पाहूं नये? टी. व्ही. चालू ठेवावा, कीं त्यावर फडकें टाकून ठेवावें? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु या किरकोळ प्रश्नावरून चांगल्या घरांत महिनोन् महिने अबोला चाललेला मीं पाहिला आहे.

प्रथम हें देणें वाढतें कसें तें पाहूं. कार्डावर जिन्नस घेतला म्हणजे हिशेबाचा कागद निघून पैसे भरण्याची तारीख येईपर्यंत ४५ ते ५० दिवसांपर्यंतची बिनव्याजी मुदत सामान्यतः मिळते. ही मुदत संपूर्ण रक्कम फेडणाऱ्यासाठीं असते. देण्याचा कांहीं भाग मागें ठेवला कीं ती मुदत जाते, आणि पुढें घेतलेल्या नव्या जिनसेवरही खरेदीच्या दिवसापासूनच व्याज धावूं लागतें. कार्डावर रोख रक्कम काढली तर ही सवलत मुळींच नाहीं. व्याजाचा दर पुष्कळ कार्डांवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. ‘साडेतीन’ हा आंकडा मोठा फसवा आहे. तो ऐकून मनुष्य दचकत नाहीं. बारानें गुणून ४२ टक्के म्हटलें म्हणजे मात्र तो खुर्चीत सरसावून बसतो. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणजे महिन्याचा खरा बोजा शेंकडा ४ रुपये १३ पैसे.

त्यांतच त्या कागदावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून एक ओळ असते. ती बहुधा बाकीच्या पांच टक्क्यांच्या आगेंमागें असते. एवढी रक्कम भरली कीं दंड लागत नाहीं, बँकेचा फोन येत नाहीं, आणि आपण देणें वेळेवर देणारे सभ्य गृहस्थ आहोंत असें वाटत राहतें. नुसती किमान रक्कम भरीत गेल्यास परतफेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षें लांबेल आणि व्याज चढत जाईल, असा इशारा त्याच कागदावर छापला पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो छापलेलाही असतो. तो किती जण वाचतात हा प्रश्न निराळा!

व्याजाच्या बाबतींत महाराष्ट्राला शिकवावें असें कोणाजवळ फारसें कांहीं नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर हल्ला केला, तो प्रथम कर्जरोखे आणि वह्या मिळविण्यासाठीं. त्यांतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत तर ‘दामदुपटी’चा नियम होता : एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. बाबूराव पेंटरांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला आणि १९३६ सालीं त्याच कथेचा बोलपट केला. तेव्हां कर्ज हा विषय आपल्या पडद्याला नवा नाहीं. आजच्या कार्डाच्या व्याजाला मात्र तसा कुंपणाचा दगड नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला. म्हणून जें रक्षण करावयाचें तें ज्याचें त्यानेंच करणें प्राप्त आहे.

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी पत्नीसह माझ्याकडे आला. दोघेही नोकरी करणारीं, दोन मुलें शाळेंत. कार्डावर साठ हजारांची बाकी होती, आणि दोन वर्षें तो दरमहा ३,२०० रुपये नेमानें भरीत होता. एका हातानें भरावें आणि दुसऱ्या हातानें त्याच कार्डावर नवें सामान घ्यावें, असा क्रम असल्यामुळें बाकी जागची हललेली नव्हती. पत्नीला हें सारें महिन्यापूर्वीं कळलें होतें, आणि तेंही चुकून उघडलेल्या एका कागदावरून. रकमेपेक्षां तिला लपवाछपवीचें दुःख अधिक होतें. तिनें त्याच दिवशीं टी. व्ही.ची सर्व वर्गणी बंद केली, मुलांना सांगितलें कीं कर्ज फिटेपर्यंत सिनेमाचें नांव काढावयाचें नाहीं, आणि आईनें दिलेल्या बांगड्या मोडावयास काढल्या. मुलगी रुसून जेवेना. मुलगा शेजारच्या घरीं जाऊन बसूं लागला. “सर, चूक माझी आणि शिक्षा मुलांना, हें मला सहन होत नाहीं,” असें तो म्हणाला. ती लगेच म्हणाली, “मग शिक्षा कोणाला करूं तें तुम्हींच सांगा.”

मीं शिक्षेचा विषय बाजूला ठेवून पाटी मागितली. तीसांहून अधिक वर्षें अंकगणित शिकविलेल्या मनुष्याला दुसरें काय सुचणार?

साठ हजारांवर एका महिन्याचें व्याज २,१०० रुपये, त्यावर कर ३७८ रुपये, एकूण २,४७८. तो भरीत असलेल्या ३,२०० रुपयांपैकीं मुद्दलांत जात होते अवघे ७२२. कार्डावर नवी खरेदी अजिबात न करतां याच वेगानें चाललें तरी फेडीला ३७ महिने लागतील आणि एकंदर सुमारें १ लाख १८ हजार रुपये जातील. साठाचे जवळ जवळ दुप्पट! दामदुपटीचा नियम करणारा शास्त्रकार मूर्ख नव्हता.

नंतर घरची करमणूक मांडली. महिन्यांतून दोनदां चौघांनीं मल्टिप्लेक्सला जाणें. तिकिटांचे हजार, खाण्यापिण्याचे नऊशें, जाण्यायेण्याचे तीनशें, म्हणजे एका खेपेस २,२०० आणि दोहोंचे ४,४००. चार-पांच ओटीटी वाहिन्यांची वर्गणी मिळून १,१००. एकूण साडेपांच हजार. म्हणजे फेडीपेक्षां करमणुकीवर अधिक! हा आंकडा पाहून दोघेही एकदम गप्प झालीं, कारण तो त्यांनीं कधीं एका ठिकाणीं लिहून पाहिलाच नव्हता.

आतां पत्नीचा मार्ग घ्या. साडेपांच हजार सर्वच्या सर्व तोडले आणि फेडीला जोडले, तर दरमहा ८,७०० भरतां येतात. कर्ज ९ महिन्यांत फिटतें. एकंदर ७२ हजार जातात. माझा मार्ग असा होता कीं त्यांतील दीड हजार करमणुकीला राखावे आणि चार हजार फेडीस लावावे. दरमहा ७,२०० झाले. कर्ज ११ महिन्यांत फिटतें. एकंदर ७५ हजार जातात. दोहोंत अंतर दोन महिन्यांचें आणि व्याजापोटीं सुमारें तीन हजार रुपयांचें. करमणुकीवर त्या अकरा महिन्यांत जाणारे साडेसोळा हजार वेगळे धरावे लागतील, तें मीं त्यांच्यापासून लपविलें नाहीं. पण नऊ महिने कडकडीत उपास कोण पुरा करतो? पहिल्या दोन महिन्यांनंतर कोणा तरी मोठ्या नटाचा चित्रपट लागतो, घरांतलें एक माणूस ‘एकदांच’ म्हणतें, आणि त्या एका संध्याकाळीं व्रत मोडतें. व्रत मोडलें कीं हिशेबाची वहीही बंद होते. एकादशीला साबुदाण्याची सोय करून ठेवणारे आपले पूर्वज मनुष्यस्वभाव जाणत होते. मला दीड हजारांचा मार्ग अधिक खात्रीचा वाटतो. बांगड्या कपाटांत परत गेल्या.

दीड हजारांत काय होतें, असें कोणी विचारील. पुष्कळ होतें. ओटीटीच्या वाहिन्या एका वेळीं एकच घ्यावी, तीही महिन्याच्या बोलीवर. तींतील पाहावयाचें तें पाहून ती थांबवावी आणि पुढच्या महिन्यांत दुसरी घ्यावी. पांच दुकानांचें भाडें एकदम भरून आपण एकाच दुकानांत बसतों, हा प्रकार मला कधींच समजला नाहीं. वर्गणी आपोआप कापली जाण्याची व्यवस्था असेल तर पैसे कापण्यापूर्वीं निदान २४ तास सूचना आली पाहिजे व ती रक्कम नाकारण्याची सोय पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. ती सूचना आली कीं वाचावी. पुसून टाकूं नये. या वर्गणीसाठीं तें क्रेडिट कार्ड तर वापरूंच नये, कारण बाकी असतांना तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतें.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींकडे आपल्या सुशिक्षित घरांचें लक्षच नसतें. दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ला तबकडी आणि पेटीचा एकदांचा खर्च केला कीं मासिक वर्गणी नाहीं, तिच्यावर सह्याद्री वाहिनी तर आहेच. प्रसार भारतीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें ‘वेव्ह्ज’ नांवाची ओटीटी सेवा सुरू केली, तींतही पुष्कळ कांहीं विनामूल्य पाहतां येतें. मुंबईच्या मंडळींना १९६८ पासून चालत आलेलें प्रभात चित्र मंडळ आहे; अशा फिल्म सोसायट्यांची वर्षाची वर्गणी पुष्कळदां मल्टिप्लेक्सच्या एका कौटुंबिक फेरीहून जड नसते, आणि तेथें जगांतले चित्रपट जाणत्या सोबतींत पाहावयास मिळतात. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या मुलीला मीं प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ दाखविला. काळापांढरा म्हणून तिनें आधीं नाक मुरडलें. मग शेवटपर्यंत जागची उठली नाहीं. सावकारीच्या वाटणीस आलेले रोखे तुकोबांनीं इंद्रायणींत सोडून दिले, ही कथा मी तिला चहाच्या वेळीं सांगितली, तेव्हां तिनें विचारलें, “आजोबा, बँक तसें करील का?” मीं म्हटलें, बँकेच्या दारांत नदी नाहीं.

चित्रगृहांत महिन्यांतून एकदां अवश्य जावें. अंधारांत शंभर माणसांबरोबर हंसण्याची मजा घरच्या पडद्यावर नाहीं. आठवड्याच्या मधल्या दिवशीं किंवा सकाळच्या खेळाला तिकीट बहुधा स्वस्त असतें, आणि एकपडदा चित्रगृह जवळ असेल तर फारच उत्तम. खरा खर्च तिकिटाचा नसून पॉपकॉर्नचा असतो. बाहेरचें खाणें आंत नेऊं न देण्याचा अधिकार चित्रगृहाच्या मालकास आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२३ मध्यें सांगितलें. मात्र पिण्याचें स्वच्छ पाणी विनामूल्य पुरविलें पाहिजे, हेंही त्यांत आलें. तेव्हां जेवून निघावें आणि पाणी निःसंकोच मागावें. पैसे रोख द्यावे. पाकिटांतून नोट निघतांना हाताला जें जाणवतें तें कार्ड घासतांना जाणवत नाहीं.

येथें एक गोष्ट सहज आठवते. दादासाहेब फाळक्यांनीं ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशनमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला, त्यासाठीं त्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती आणि सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने दिले होते. चित्रपट करण्यासाठीं घर पणाला लावणारा मनुष्य वंदनीय आहे. तो पाहण्यासाठीं घर गहाण टाकणाऱ्याला त्या पुण्यांत वाटा मिळत नाहीं!

कर्ज उतरविण्याचे आणखीही मार्ग आहेत. दोन-तीन कार्डें असतील तर ज्यावर व्याजाचा दर सर्वांत चढा तें आधीं फेडावें, इतरांवर किमान रक्कम चुकवूं नये. बाकीचे मासिक हप्ते करून देण्यास बँका तयार असतात. दर उतरतो, परंतु त्याचें शुल्क आणि व्याजावरील कर हिशेबांत धरूनच होकार द्यावा. सोनें तारण ठेवून किंवा आपल्या सहकारी बँकेकडून कमी दराचें कर्ज घेऊन कार्डाची बाकी एकदम मिटविणें फायद्याचें असतें खरें. पण मग तें कार्ड पुनः भरूं लागलें तर दोन कर्जें होतात. एका कार्डावर रोख काढून दुसरें फेडणें हा मार्ग मी मार्ग समजत नाहीं.

शेवटचा मुद्दा कार्ड बंद करण्याचा. संपूर्ण बाकी फिटल्यावर बंद करण्याचा अर्ज केला कीं बँकेनें कामाच्या सात दिवसांत तें बंद केलें पाहिजे; न केल्यास पुढें दर दिवसास ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा नियम रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं केला. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोंच जपून ठेवावी. माझ्या विद्यार्थ्याचे गेल्या महिन्यापर्यंत आठ हप्ते झाले होते, राहिलेले तीन. हिशेबाची वही आतां त्याची पत्नी लिहिते, कार्डही तिच्याजवळ असतें, आणि महिन्याचा सिनेमा कोणता हें ठरविण्याची पाळी मुलांकडे आळीपाळीनें येते. गेल्या खेपेस मुलाची पाळी होती. त्यानें निवडलेला चित्रपट इतका रद्दी निघाला कीं चौघेही मध्यंतरांत उठून घरीं आलीं, आणि पिठलें-भात खात त्याच्यावर रात्रीं अकरापर्यंत वाद घालीत बसलीं.